मदत हवी आहे: गोळी १०० ची चालू, तरी आईचा टीएसएच १४. डोस वाढवायचा की आणखी काही बघायचं?

होटगीरोड

नमस्कार मंडळी. आई ५८ वर्षांची, वजन ६४ किलो, सोलापुरातच असते. थायरॉईड कमी काम करतंय म्हणून काही वर्षांपासून गोळी चालू आहे. अँटी-टीपीओ (थायरॉईड ग्रंथीविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) सुरुवातीलाच खूप जास्त आलं होतं. जानेवारीत टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की वाढतो तो आकडा) ९.१ आला तेव्हा डॉक्टरांनी ७५ ची गोळी १०० केली. आता मेअखेरीस टीएसएच १४.२ आणि फ्री टी-४, म्हणजे रक्तातलं थायरॉईडचं संप्रेरक, ०.८२ (लॅबची मर्यादा ०.८ ते १.८). डॉक्टर १२५ करू म्हणतात.

त्रास: थकवा, बद्धकोष्ठ, आवाज घोगरा, पायांवर सूज. बाहेर ४२ अंश असताना रात्री पंखा बंद करा म्हणते.

दिनक्रम असा: सकाळी साडेसहाला चहाबरोबर थायरॉईडची गोळी, पित्ताची पँटोप्रॅझोल ४० आणि बीपीची अम्लोडिपिन ५, तिन्ही एकदमच. आठला नाश्ता, त्यावर कॅल्शियम ५००. पोटासाठी सकाळीच कोमट पाण्यातून इसबगोल. गोळ्या आठवड्याच्या कप्प्यांच्या प्लॅस्टिक डबीत, स्वयंपाकघराच्या खिडकीत. हृदयविकार नाही.

नातेवाईक म्हणतात ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, कोबी सगळं बंद करा आणि सैंधव वापरा. शेजारच्या काकू कांचनार गुग्गुळ हे आयुर्वेदिक औषध सुचवतात. नेमकं काय करावं?

मालदांडी

डोस वाढवण्याआधी एक हिशोब करून बघा. ज्यांची ग्रंथी जवळजवळ पूर्ण निकामी झालीय, त्यांना लिव्होथायरॉक्सिन (हीच तुमच्या आईंची थायरॉईडची गोळी) दर किलो वजनामागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं. ६४ किलोला ते १०० च्या आसपास येतं. म्हणजे तुमच्या आईंना आत्ताच पूर्ण डोस मिळतोय, निदान कागदावर तरी. पूर्ण डोसवर टीएसएच उतरायच्या ऐवजी चढत असेल, तर पहिला संशय गोळी रक्तात पोचत नसल्याचा घ्यायचा. तुम्ही लिहिलेल्या दिनक्रमात त्याची कारणं एकात एक अडकलेली दिसतायत.

ही गोळी लहान आतड्यात शोषली जाते आणि रिकाम्या पोटीसुद्धा साधारण ७० ते ८० टक्केच आत जाते. चहा, दूध, कॉफी बरोबर असली की आणखी कमी. कॅल्शियम, लोह, पित्तावरचं पातळ औषध आणि सुक्राल्फेट (अल्सरवरचं औषध) हे तर तिला आतड्यातच धरून ठेवतात आणि शौचावाटे बाहेर नेतात. इसबगोलचंही तसंच. कॅल्शियमपासून इसबगोलपर्यंत या सगळ्यांपासून ४ तासांचं अंतर ठेवलं की बहुतेक प्रश्न मिटतो.

पँटोप्रॅझोलची गोष्ट वेगळी आहे आणि इथेच बरेच जण चुकतात. ते थायरॉक्सिनला चिकटत नाही, ते जठरातलं आम्ल कमी करतं आणि गोळी नीट विरघळायला ते आम्ल लागतं. त्याचा परिणाम दिवसभर टिकतो, म्हणून अर्ध्या-एक तासाच्या अंतराने फारसा फरक पडत नाही. प्रश्न असा विचारा की पँटोप्रॅझोल अजून लागतंय का. चार आठवड्यांसाठी लिहिलेली पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू राहिलेली असते. लागत असेल तर राहू दे, पण मग त्याच्यासकट टीएसएच बघून थायरॉक्सिनचा डोस ठरवायचा. आणि उद्या ते बंद झालं, तर पुन्हा टीएसएच तपासायचा.

माझं मत: डॉक्टरांना हा संपूर्ण दिनक्रम वेळांसकट कागदावर लिहून दाखवा आणि विचारा, "डोस १०० च ठेवून, वेळ सुधारून ६ ते ८ आठवड्यांनी तपासलं तर चालेल का?" दोन्ही एकदम केलं, म्हणजे १२५ ही सुरू केली आणि चहाही लांबला, तर दोन महिन्यांनी टीएसएच ०.१ च्या खाली जाऊन धडधड, हातांना कंप, झोप उडणं हे सुरू होऊ शकतं. पाळी थांबल्यानंतरच्या वयात जास्त थायरॉक्सिनमुळे हाडं ठिसूळ होतात आणि पुढे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे "थोडं जास्त गेलं तर काय बिघडतं" असं नसतं.

सीनाकाठ

मालदांडींशी पूर्ण सहमत नाही. टीएसएच १० च्या वर आहे, फ्री टी-४ काठावर आहे आणि बाईंना त्रास होतोय. अशा वेळी डॉक्टरांनी १२५ सुचवणं चूक नाही. त्यांच्यापुढे फक्त रिपोर्ट होता. चहा-कॅल्शियमचा मामला त्यांच्या कानावर गेलाच नसेल.

मालदांडी

डॉक्टर चुकले असं म्हणायचं नाहीच. माहिती पुरी मिळाली तर त्यांचा निर्णय बदलू शकतो, एवढंच. पल्स ५० च्या खाली, दम लागणं, फार गुंगी असं काही असेल तर मी थांबा म्हणणार नाही. होटगीरोड, सकाळी उठल्यावर पल्स मोजून कळवा. आणि पायाच्या सुजेवर नडगीच्या हाडापाशी अंगठ्याने १० सेकंद दाबून बघा, खळगा पडतो का.

होटगीरोड

पल्स ६२. दम नाही. खळगा पडतो, आणि संध्याकाळी जास्त पडतो. आणखी एक, केसांसाठी कसली तरी कॅप्सूल चालू आहे, बघून सांगतो.

मालदांडी

पल्स ठीक. थायरॉईडच्या सुजेत सहसा खळगा पडत नाही, त्वचा जाड आणि कणकेसारखी घट्ट लागते. खळगा पडणारी, संध्याकाळी वाढणारी सूज अम्लोडिपिनमुळे येऊ शकते, तो त्या औषधाचा नेहमीचा परिणाम आहे. डॉक्टरांना हे वेगळं सांगा, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) एकदा बघून घ्या. बीपीची गोळी मनाने बंद करू नका.

नवीपेठ_औषधालय

औषधाच्या दुकानात रोज दिसणाऱ्या गोष्टी सांगतो.

गोळ्या खिडकीतून आजच उचला. लिव्होथायरॉक्सिन उष्णता, ओल आणि उजेड तिन्हींनी खराब होतं, आणि त्याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असल्याने थोडी घटसुद्धा रिपोर्टमध्ये दिसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये याच गोळीसाठी नियम कडक केला: मुदत संपेपर्यंत औषध लिहिलेल्या मात्रेच्या ९५ ते १०५ टक्क्यांतच राहिलं पाहिजे. गोळी किती नाजूक आहे ते यावरून कळावं. आपल्याकडे मे महिन्यात गॅसजवळच्या खिडकीत काय तापमान असेल, विचार करा.

बाटलीतली गोळी बाटलीतच ठेवा. आतली ओल शोषणारी पुडी काढून टाकू नका, झाकण लगेच घट्ट लावा. जागा म्हणजे घरातली सगळ्यात थंड, कोरडी खोली, कपाटाचा खालचा कप्पा. फ्रिजच्या दारात ठेवण्याची सवय मला पटत नाही, कारण रोज बाहेर काढून उघडली की बाटलीच्या आत दमटपणा धरतो. बाटलीवर किती अंशांखाली ठेवा ते छापलेलं असतं, ते वाचा. आठवड्याच्या कप्प्यांत बाकीच्या गोळ्या ठेवा, ही नको. ओळीने लक्षात राहायला हवं असेल तर काही कंपन्यांची गोळी पट्टीतही येते.

आता १२.५ आणि १२५. टिंब पुसट असलं, अक्षर घाईचं असलं की घोळ होतो. दुकानातून निघण्याआधी बाटलीवरचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहा. मागच्या वेळची रिकामी बाटली बरोबर आणलीत तर सगळ्यात उत्तम. डोस ७५ असेल आणि ७५ ची नसेल, तर ५० आणि २५ मिळून चालते, पण घरात दोन बाटल्या आल्या की "आज कुठली घेतली" हा गोंधळ सुरू होतो.

कंपनी शक्यतो बदलू नका. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स किंवा जनऔषधी केंद्रातली, औषध एकच आहे आणि स्वस्त म्हणून कुठलीच कमी नाही. पण एक धरली की तीच ठेवा, आणि बदलावीच लागली तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करा.

वेळापत्रक मी असं मांडेन. साडेपाच-सहाला, जाग आल्या आल्या, फक्त साध्या पाण्याबरोबर थायरॉक्सिन. त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास एक तास, चहाही नाही. पँटोप्रॅझोल चालू राहणार असेल तर नाश्त्याच्या अर्धा तास आधी. अम्लोडिपिन नाश्त्यानंतर. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर, तसंही कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबरच चांगलं शोषलं जातं. इसबगोल रात्री झोपताना, भरपूर पाण्यातून.

सीनाकाठ

ज्यांना सकाळचा चहा सुटतच नाही त्यांनी रात्री घ्यावी. शेवटच्या घासानंतर ३ तास गेलेले असले पाहिजेत, म्हणजे आठला जेवण आणि अकराला गोळी. पण मग इसबगोल रात्री चालणार नाही, ते संध्याकाळी पाच-सहाला न्यावं लागेल. रात्री जेवणं उशिरा होणाऱ्या घरात हा मार्ग टिकत नाही.

रक्तनमुना

केसांच्या कॅप्सूलचं नाव नक्की बघा. त्यात बहुधा बायोटिन हे जीवनसत्त्व असतं, ५ किंवा १० मिलिग्रॅम. अनेक यंत्रांची टीएसएच तपासणी बायोटिनवरच बेतलेली असते. रक्तात ते जास्त असलं तर टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-४ खोटा जास्त दिसू शकतो. म्हणजे तुमच्या आईंचा खरा टीएसएच १४ पेक्षाही वर असण्याची शक्यता राहते. रक्त द्यायच्या आधी किमान २ दिवस ती कॅप्सूल बंद हवी.

तपासणीच्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्या. आधी घेतली तर पुढचे काही तास फ्री टी-४ वर चढलेला दिसतो. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळेला रक्त द्या, एकदा सकाळी आठला आणि एकदा दुपारी चारला असं नको. उपाशी असणं टीएसएचसाठी सक्तीचं नाही, साखर-चरबी बरोबर करायची असेल तर लॅबवाले सांगतील तसं. लॅब एकच ठेवा. ताप, मोठं आजारपण नुकतंच झालं असेल तर काही आठवडे थांबा, आजारात हे आकडे भलतीकडे जातात.

नियमित तपासणीला प्रत्येक वेळी टी-३ लागत नाही. अँटी-टीपीओ एकदा जास्त आलं की कारण कळलं, ते दरवर्षी करून उपचारात काही बदलत नाही. पैसे वाचतील.

होटगीरोड

कॅप्सूलमध्ये बायोटिन १० मिलिग्रॅम आहे, बंद केली. डॉक्टरांनाही कागद दाखवला, ते म्हणाले १०० वरच राहू आणि जुलैअखेर तपासू. पँटोप्रॅझोल दोन आठवड्यांत कमी करत बंद करायला सांगितलं आहे.

एक समजत नाही: एवढे दिवस का थांबायचं? पंधरा दिवसांत कळणार नाही का?

मालदांडी

थायरॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात. म्हणून नवी पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, आणि मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी, जी टीएसएच सोडते, ती त्यानंतर जुळवून घेते. पंधरा दिवसांनी केलेला रिपोर्ट अर्ध्या वाटेवरचा असतो आणि त्यावरून डोस बदलला की पुढचे सहा महिने वर-खाली चालूच राहतं.

आकड्याचंही समजून घ्या. टी-४ जरासा घसरला तरी टीएसएच कित्येक पटींनी वाढतो. म्हणून १४ म्हणजे ७ च्या दुप्पट आजार असा अर्थ होत नाही. तसंच सत्तरीच्या पुढच्या माणसांत टीएसएच ६-७ असणं अनेकदा वयाचाच भाग असतो. ६५ वर्षांवरच्या, सौम्य वाढ असलेल्या ७३७ जणांवरचा युरोपातला अभ्यास २०१७ मध्ये छापून आला, त्यात गोळीने थकव्यात काही फरक पडला नव्हता. हे तुमच्या आईंना लागू नाही, पण घरात आजी-आजोबांचा टीएसएच ६ आला म्हणून घाबरू नका.

काकूंच्या गुग्गुळाबद्दल. अँटी-टीपीओ जास्त आहे म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथी पोखरतेय. हाच हाशिमोटोचा आजार, जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला. नष्ट झालेल्या पेशी संप्रेरक बनवू शकत नाहीत, ते बाहेरूनच द्यावं लागतं. गोळी बंद केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे काहीच जाणवत नाही, कारण जुना साठा हळूहळू संपत असतो. तेवढ्यात "बघा, गोळीशिवाय चाललं" असं वाटतं. नंतर माणूस झोपाळू होत जातो. अशा रुग्णाला न्यूमोनियासारखा संसर्ग झाला, अंग गार पडलं, बोलणं जड झालं, पल्स मंदावली, तर ती जिवावरची वेळ असते. थेट सिव्हिल किंवा जवळचं अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही.

भाकरी_ठेचा

आहाराचं मी सांगते, कारण या आजारात बायकांच्या ताटातून उगाच पदार्थ काढले जातात.

ज्वारीची भाकरी खुशाल खा. सोलापुरात ज्वारी बंद करायची म्हणजे जेवणच बदलायचं, आणि त्याची गरज नाही. शंका घेतली जाते ती खरं तर बाजरीवर. तिच्यातले काही घटक ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात, पण तो त्रास दिसला तो जिथे बाजरी हेच मुख्य अन्न आणि आयोडीनची टंचाई, अशा भागांत. आठवड्यातून दोन-तीनदा बाजरी, घरात आयोडीनचं मीठ, यात काही बिघडत नाही. कोबी-फ्लॉवर शिजवून खा, कच्च्या कोबीचा पेलाभर रस रोज पिऊ नका. शेंगाचटणी चमचाभर चालेल, वजनाकडे बघून. सोयाबीनची वडी किंवा दूध खात असाल तर ते सकाळच्या गोळीपासून लांब ठेवा.

सैंधवाने मात्र नुकसान होईल. त्यात आयोडीन नगण्य असतं. आपल्याकडे राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला आणि मिठात आयोडीन आलं ते त्यातूनच. घरापर्यंत पोचलेल्या मिठात किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असावं असा नियम आहे. उपवासाला सैंधव घ्या, रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्तच. उलट्या टोकालाही जाऊ नका: समुद्री शेवाळाच्या गोळ्या, आयोडीनचे थेंब हाशिमोटोत ग्रंथीला आणखी बिघडवतात.

आणि वजन. थायरॉईडमुळे वाढतं ते सहसा २ ते ५ किलो, त्यातही बरंचसं पाणी आणि क्षार. बाकीचं वजन गोळीने उतरेल ही आशा ठेवून डोस वाढवून मागू नका. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर टीएसएच ताळ्यावर आल्यावर पुन्हा तपासा, बरंचसं आपोआप उतरतं.

होटगीरोड

खूप आभार. आणखी दोन प्रश्न. वहिनी ५० ची गोळी घेते आणि कालच कळलं की तिला दिवस गेलेत, सहावा आठवडा. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. तोवर गोळी तशीच?

मालदांडी

पुढच्या आठवड्याची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. बाळाची स्वतःची ग्रंथी पुरेसं काम करायला लागेपर्यंत, म्हणजे पहिले काही महिने, मेंदूच्या वाढीसाठी ते आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असतं. आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीचा डोस गर्भ राहिल्याचं कळताच २५ ते ३० टक्के वाढवतात. सोपी पद्धत म्हणजे आठवड्याला ७ ऐवजी ९ गोळ्या, दोन ठरलेल्या वारी दोन-दोन. फोनवर हेच विचारा. टीएसएच आत्ताच करा, मग निम्मे दिवस भरेपर्यंत दर ४ आठवड्यांनी. लक्ष्य २.५ च्या खाली.

बाराव्या आठवड्यानंतर लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतील. थायरॉक्सिन पहाटे, लोह-कॅल्शियम त्यानंतर ४ तास गेल्यावर, आणि ते दोन्हीही एकमेकांबरोबर नाही. उलट्या होत असतील तर गोळी रात्री घेतलेली बरी. बाळंतपणानंतर डोस पूर्वीइतका करतात आणि ६ आठवड्यांनी तपासतात. बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन टीएसएच तपासणी जन्मानंतर २ ते ३ दिवसांत करून घ्या, आईला थायरॉईड असो वा नसो.

होटगीरोड

फोन केला, तेच सांगितलं. रक्तही उद्या देणार.

दुसरा प्रश्न आईचा. दरवर्षी नातेपुत्यापासून पंढरपूरपर्यंत पालखीबरोबर चालते. तिथे पहाटे तीनला उठणं, लगेच चहा, दिवसभर ऊन-पाऊस. गोळीचं कसं करायचं? आणि एकादशीला चालते का?

नवीपेठ_औषधालय

एकादशीला गोळी पाण्याबरोबरच असते, घेतलीच पाहिजे. साबुदाणा, भगर, दूध अर्ध्या-एक तासाने.

चालताना गोळी झोपायच्या जागेशी, पाण्याच्या बाटलीजवळ असावी. डोळे उघडले की आधी गोळी, मग प्रातर्विधी, अंघोळ, आवराआवर. एवढ्यात अर्धा तास निघून जातो आणि चहा आपोआप लांबतो. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात नको, तिथे ऊन लागतं. कपड्यांच्या घडीत, मधोमध ठेवा. सगळी बाटली नेऊ नका. पट्टीतल्या गोळ्या मिळाल्या तर मुक्कामाच्या दिवसांपेक्षा चार जास्त घेऊन त्याच न्या, पावसातही टिकतात, फक्त कंपनी तीच आहे ना ते बघा.

मालदांडी

चुकलीच तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा, जेवणानंतर ३ तासांनी घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर राहिलेली आणि त्या दिवसाची अशा दोन एकदम घेतल्या तरी चालतात, औषध सावकाश काम करतं म्हणून. पण हे हृदयविकार नसलेल्यांसाठी, तरी तुमच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

चालायला जावं का, हे मात्र निघायच्या आठवड्यात ठरवा. टीएसएच वाढलेला असताना पोटऱ्यांत गोळे येतात, स्नायू लवकर थकतात. रोज संध्याकाळी होटगी रोडवर ४-५ किलोमीटर चालून बघू द्या. दुसऱ्या दिवशी पाय भरून येत नसतील आणि पल्स, दम ठीक असेल तर जाऊ दे, निदान पंढरपूरच्या आधीच्या वाखरीच्या मुक्कामापासून तरी. सूज उतरली नसेल तर आधी त्या अम्लोडिपिनचं डॉक्टरांशी बोलून घ्या.